पॅरा खेळाडूंनो, डोपिंग आणि वर्गीकरणातल्या या चुका टाळा

डोपिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सुई येते. पॅरा खेळात घोटाळा बऱ्याचदा त्याहून साध्या जागी होतो: रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून घेतलेली गोळी, डोळ्यांत घालायचे थेंब, वेळेवर न भरलेला फॉर्म. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘डॉक्टरांनीच लिहून दिलंय.’ हे उत्तर कुठेही चालत नाही. नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरची नाही, कोचची तर अजिबात नाही.

नेहमीच्या औषधांची यादी न तपासणे

मणक्याच्या दुखापतीनंतर रात्रीची लघवी कमी व्हावी म्हणून डेस्मोप्रेसिन देतात. ते ‘वाडा’च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत इतर द्रव्यं झाकणाऱ्या औषधांमध्ये आहे आणि वर्षभर बंद आहे, फक्त स्पर्धेपुरतं नाही.

काचबिंदूच्या औषधांत तर हमखास गल्लत होते. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी सगळ्याच खेळांत बंद. डॉर्झोलामाइडचे थेंब चालतात. पण त्याच थेंबांची टिमोलॉल मिसळलेली बाटली मिळते, आणि टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध. तिरंदाजी आणि नेमबाजीत तो सरावाच्या काळातही बंद आहे. म्हणून बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका, खालचे घटक वाचा. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दिलेली बाटलीही पुन्हा वाचा.

ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धाकाळात बंद आहे. स्पर्धाकाळ आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो. गोळी त्याआधी घेतली होती हा बचाव होत नाही. नमुन्यात औषध सापडलं की प्रश्न उभा राहतो. आखडलेले स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन मात्र यादीत नाही, उगाच घाबरू नका.

औषध टाळता येत नसेल तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, मागायची. अर्ज स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी करायचा. त्यात निदान, तपासण्यांचे अहवाल, मात्रा, घेण्याचा मार्ग, किती काळ घ्यायचं आणि दुसरं औषध का चालत नाही, हे सगळं हवं. ‘रुग्ण दिव्यांग आहे, औषध आवश्यक’ एवढ्या दोन ओळींची चिठ्ठी जोडणारे अर्ज परत येतात आणि मग समितीच्या नावाने बोटं मोडली जातात. अपंगत्व म्हणजे परवाना नव्हे.

ठावठिकाणा ‘नंतर भरू’ म्हणणे

प्रमोद भगत हे टोकियो पॅरालिम्पिकमधले पॅरा बॅडमिंटनच्या एसएल3 गटातले एकेरीचे सुवर्णपदक विजेते. 12 महिन्यांत तीनदा ठावठिकाण्याच्या, म्हणजे चाचणीसाठी आपण कुठे सापडू हे कळवण्याच्या, नियमात चूक झाली आणि 18 महिन्यांची बंदी आली. त्यांचं अपील जुलै 2024 मध्ये फेटाळलं गेलं आणि पॅरिस हुकलं. नमुन्यात काही सापडल्याचा प्रश्नच नव्हता. जगातला अव्वल खेळाडू निव्वळ यामुळे घरी बसू शकतो, तरी नवे खेळाडू ही माहिती मॅनेजरकडे सोपवून मोकळे होतात.

कधीही चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या यादीत असाल तर रोज पहाटे 5 ते रात्री 11 च्या दरम्यानची 60 मिनिटं तुम्ही द्यायची आणि त्या वेळी त्याच जागी असायचं. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. मणक्याची दुखापत असलेल्यांचा सकाळचा शौचाचा कार्यक्रम पाऊण-एक तास चालू शकतो. नेमका तोच तास भरून ठेवला तर बेल वाजली तरी दार उघडणार कोण? तो तास सोडून वेळ द्या. इमारतीचं फाटक, लिफ्ट, बेल कुठली, दार कोण उघडेल, हे पत्त्यासोबत लिहा. फोन येईलच असं धरून चालू नका. सरावाची जागा बदलली तर बॅग भरण्याआधी नोंद बदला.

नमुना देताना

लघवीची पिशवी किंवा कॅथेटर वापरत असाल तर आधी साचलेली लघवी पूर्ण काढून टाकावी लागते, आणि शक्य तिथे नवं, न वापरलेलं कॅथेटर व पिशवी लावायची. हे सामान केंद्रावर मिळत नाही. ते खेळाडूने आणायचं. दोन सीलबंद संच किटमध्येच ठेवा.

किमान 90 मिली लागतं. कमी पडलं तर अर्धवट नमुना सील करून थांबावं लागतं. घाई करून लिटरभर पाणी ढोसलं की लघवी पातळ होते, घनता 1.005 च्या खाली जाते, आणि पुन्हा थांबा. दुसरा आततायीपणा म्हणजे साठवण्यासाठी कॅथेटरला चिमटा लावून बसणं. मणक्याची दुखापत टी6 (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर भरलेल्या मूत्राशयाने रक्तदाब झपाट्याने चढतो. डोकं ठणकतं, वरच्या अंगाला घाम सुटतो. चिमटा लगेच काढा, ताठ बसा, पट्टे सैल करा, डॉक्टरांना बोलवा.

कामगिरी वाढावी म्हणून हाच प्रकार मुद्दाम घडवून आणला की त्याला ‘बूस्टिंग’ म्हणतात. तपासणीत वरचा रक्तदाब 160 किंवा जास्त आला आणि साधारण दहा मिनिटांनीही तसाच राहिला तर खेळाडूला त्या स्पर्धेतून बाहेर काढतात. नळी चुकून मुडपली होती का, हे तिथे विचारात घेतलं जात नाही. सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी नळी आणि पट्टे एकदा हाताने चाचपा.

वर्गीकरणाआधी ‘जरा वाईट दिसू दे’

वर्गीकरण म्हणजे अपंगत्व तपासून खेळाडूचा गट ठरवणं. त्याआधी मिळणारा सगळ्यात चीड आणणारा सल्ला हाच: ‘दोन दिवस बॅक्लोफेन बंद कर, पाय आखडलेले दिसतील.’ एकतर बॅक्लोफेन अचानक बंद केलं तर झटके आणि भ्रम होऊ शकतात. शिवाय गट ठरवणाऱ्या पॅनेलला तुमची रोजची अवस्था बघायची असते; मुद्दाम कमी जोर लावणं किंवा थकून जाणं ही जाणूनबुजून केलेली दिशाभूल ठरते. तपासणीच्या टेबलावर जे दिसलं ते मैदानावरच्या खेळाशी ताडून बघतात. टेबलावर न उठणारा हात फेकीच्या वेळी सरळ वर गेला तर उत्तर तयार ठेवा. 2000 च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या गटात खेळलेल्या स्पेनच्या बास्केटबॉल संघातल्या 12 पैकी 10 जणांना ती अक्षमता नव्हतीच. त्यानंतर या गटातल्या खऱ्या खेळाडूंना थेट 2012 च्या लंडनपर्यंत पॅरालिम्पिकबाहेर राहावं लागलं.

औषधं मात्रेसह लिहून न्या, स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीखही. दृष्टीची चाचणी चष्मा लावून होते, तो घरी विसरू नका. डोळ्यांचा वैद्यकीय फॉर्म 12 महिन्यांहून जुना नको. खेळताना वापरता ती खुर्ची, पट्टे, ब्लेड (धावण्याचा कृत्रिम पाय) सोबत हवेत.

मिळालेला वर्ग पटला नाही तर आक्षेप तुम्ही स्वतः नोंदवू शकत नाही. तो राष्ट्रीय संघटनेने, शुल्क भरून, मुदतीत द्यायचा असतो. कोरा फॉर्म आणि पैसे घेऊन येणारा माणूस कोण, हे पॅनेलसमोर जाण्याआधीच ठरवा.