समुद्रतुषारावरचा मेदथर आणि एन्झाइम: लँगम्युर ट्रफवर कसे तपासावे

बुडबुडा पाण्यावर येऊन फुटतो तेव्हा त्याच्या पातळ पापुद्र्याचे बारीक थेंब हवेत उडतात. पृष्ठभागावर साचलेली मेदाम्ले, फॉस्फोलिपिडे, प्रथिने आणि जिवाणूंनी सोडलेले लायपेजसारखे (मेद कापणारे) एन्झाइम, म्हणजे विकर, त्यांच्याबरोबर वर जाते. थेंब सुकताना त्रिज्या निम्मी झाली की पृष्ठभाग एक चतुर्थांश उरतो. मेदाचे रेणू तेवढेच, म्हणून थर दाटतो. लँगम्युर ट्रफ म्हणजे टेफ्लॉनची उथळ थाळी; तिच्यातल्या पाण्यावर बॅरियर, म्हणजे सरकत्या पट्ट्या, जवळ आणून हेच दाटणे घडवता येते.

सुरुवात पाण्यापासून. एक किलो कृत्रिम समुद्रपाण्यासाठी सोडियम क्लोराइड २३.९ ग्रॅम, सोडियम सल्फेट ४.० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.६८ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम सुमारे ६०० मिलि अतिशुद्ध पाण्यात विरघळवा. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट १०.८ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५ ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत, शेवटी घाला. एकदम मिसळले तर साका धरतो. पीएच ८.१ करा. बाटलीवर कितीही शुद्ध लिहिलेले असले तरी मिठात सेंद्रिय मळ असतोच, म्हणून सोडियम क्लोराइड आधी ५०० अंश सेल्सियसला काही तास भाजा. मॅग्नेशियमचे सजल क्षार भट्टीत घालू नका: त्यांतून हायड्रोजन क्लोराइड निघते आणि क्षारच बदलतो. त्यांचे द्रावण सक्रिय कोळशातून गाळा.

ट्रफ भरून, थर न टाकता, बॅरियर शेवटपर्यंत आणा. पृष्ठदाब (पृष्ठताण किती घटला ते) ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरपेक्षा (पुढे नुसते 'एकक') जास्त वाढला तर पृष्ठभाग चोषून घ्या आणि पुन्हा तपासा. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. मळाचा दाब आणि एन्झाइमचा दाब आलेखात सारखेच दिसतात.

थरासाठी डीपीपीसी हे फॉस्फोलिपिड सोयीचे, कारण त्याचा दाब-क्षेत्रफळ आलेख सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ट्रफ २४० चौरस सेंटिमीटरचा आणि सुरुवातीची जागा दर रेणूला ११० चौरस अँगस्ट्रॉम धरली, तर सुमारे ३६ नॅनोमोल, म्हणजे क्लोरोफॉर्ममधले १ मिलिग्रॅम प्रति मिलि द्रावण २६.५ मायक्रोलिटर लागते. काचेच्या सिरिंजने बारीक थेंब पृष्ठभागाला अलगद टेकवा. प्लॅस्टिकच्या टिपा क्लोरोफॉर्मला वापरू नका, त्यांतले प्लॅस्टिसायझर थरात उतरते. १० मिनिटे थांबा, मग बॅरियर मिनिटाला ५ मिमी वेगाने चालवा. शुद्ध पाण्यावर २० अंशांना साधारण ५ एककांजवळ सपाट पट्टा दिसतो. तापमान वाढले की तोही वर सरकतो, म्हणून तापमान अर्ध्या अंशाच्या आत बांधून ठेवा.

आता एन्झाइम. विकतच्या लायपेजमध्ये ग्लिसरॉल, अमोनियम सल्फेट, कधी डिटर्जंटही असते. आधी डायलिसिस करा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून हे लहान रेणू बाहेरच्या बफरमध्ये जाऊ द्या, आणि तेच बाहेरचे बफर टाकून, एन्झाइमविना, एक कोरी चाचणी घ्या. बॅरियर थांबवा. बॅरियरच्या मागून वाकडी सुई थराखाली नेऊन, सुमारे १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि होईल इतके एन्झाइम सोडा (१५० मिलि पाण्याला १ मिलिग्रॅम प्रति मिलि द्रावण १५० मायक्रोलिटर). थर भोसकू नका. सुरुवातीचा दाब १०, १५, २०, २५, ३० ठेवून पाच वेळा करा, दर वेळी दाबातली वाढ मोजा आणि रेषा शून्यापर्यंत वाढवा. शून्य जिथे मिळते, त्या दाबापलीकडे एन्झाइमला थरात शिरता येत नाही. एन्झाइम थराविना, एकटेच, किती दाब देते तेही मोजा. त्याच्या खालच्या दाबांवर ते फक्त मोकळ्या जागा भरत असते.

दाब वाढला म्हणून एन्झाइमने मेद कापला असे लिहू नका. शिरण्याने दाब चढतो, कापलेले विद्राव्य तुकडे पाण्यात गेले की उतरतो; दोन्ही एकमेकांना झाकू शकतात. लायपेजचे खरे खाद्य ट्रायग्लिसराइड आहे, तेव्हा कापणी पाहण्यासाठी मध्यम साखळीच्या ट्रायकॅप्रिलिनचा थर घ्या (त्याचे कापलेले तुकडे पाण्यात जातात) आणि दाब स्थिर ठेवून क्षेत्रफळातली घट मोजा. पाण्याची पातळी उतरूनही वाचन घसरते: दाब मोजण्यासाठी पाण्याला टेकवून टांगलेल्या २० मिमी रुंद, ०.१ मिमी जाड प्लेटवर पातळी अर्धा मिमी खाली गेली तर सुमारे पाव एकक. म्हणून ट्रफच्या आवरणाच्या आत पाण्याच्या उघड्या बश्या ठेवा.

शेवटची जोडी सर्वांत बोलकी. एकदा दाटलेल्या थराखाली एन्झाइम सोडा. दुसऱ्यांदा सैल थरात ते आधी बसू द्या, मग दाबा. सुकत्या थेंबात दुसरा क्रम घडतो. आलेखात आधी वाढलेले क्षेत्रफळ वरच्या दाबाला पुन्हा मूळ रेषेवर आले, तर एन्झाइम पिळून बाहेर पडले. वेगळेच राहिले, तर ते थरात अडकले. बॅरियर मागे नेऊन पुन्हा दाबा आणि दोन्ही रेषा जुळतात का पाहा.

प्रथिने टेफ्लॉनला चिकटतात. डिटर्जंट, भरपूर गरम पाणी, मग इथेनॉल आणि क्लोरोफॉर्मने मऊ पुसणे, शेवटी अतिशुद्ध पाणी, आणि पुन्हा बॅरियरची कोरी चाचणी.