पणजोबांची पलटण कशी शोधावी : नाशिककरांसाठी युद्धकाळातील सरकारी दप्तराची वाट

नाशिक जिल्ह्यातील ज्या घरात ‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते’ एवढीच आठवण उरली आहे, त्या घराने शोधाची सुरुवात नावापासून न करता पलटणीपासून करावी. पहिल्या महायुद्धात प्रत्येक पलटणीची युद्धरोजनिशी, म्हणजे दररोजच्या हालचालींची सरकारी नोंदवही, ठेवली जाई. तिच्यात इंग्रज अधिकाऱ्यांची नावे येतात, हिंदी शिपायांचा मात्र बहुतेक वेळा नुसता आकडा येतो. त्यामुळे घरातले नाव आणि दप्तरातला दिवस यांची सांगड घालायची, तर पलटण आणि शिपायाचा क्रमांक हाती असावा लागतो.

तो क्रमांक आधी घरातच शोधावा. त्या काळचे ब्रिटिश वॉर मेडल जपलेले असेल, तर त्याची कड भिंगाखाली फिरवून पाहावी. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे उमटवलेली असते. पदक पॉलिशने घासू नये, कारण त्यात हीच अक्षरे आधी झिजतात. पेन्शनचे कागद, जमिनीची सनद, मोडीतील पत्रे हेही बाहेर काढावे आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे. महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून किती जण लढाईवर गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच त्यांवर असते, पण गावातील आठवण खरी असल्याचा तो सरकारी पुरावा आहे.

पलटणींचे क्रमांक पुढे बदलले, हे लक्षात ठेवावे. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० वी मराठा पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली; आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे. दोन महायुद्धांतील आजोबा-पणजोबांची गल्लत होते ती बहुधा इथेच.

शिपाई युद्धात वारला असेल, तर युद्धात मरण पावलेल्यांच्या कबरी आणि नोंदी जपणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. तिथे आडनावावर विसंबू नये. अधिक माहितीच्या रकान्यात वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असू शकतो, म्हणून जिल्ह्याच्या नावाने शोधावे. मात्र नाशिकचे जुने इंग्रजी स्पेलिंग ‘एच’शिवाय आहे आणि चांदवड ‘चांदोर’ म्हणून नोंदलेले आढळते. जाधव, शिंदे, पवार यांची जितकी स्पेलिंगे सुचतील तितकी घालून पाहावीत.

नोंद सापडली की मृत्यूच्या तारखेकडे नीट पाहावे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी ७ डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. या पलटणीतील शिपायाच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर तो वाळवंटातील पायपिटीत किंवा रेल्वेमार्गाच्या मजुरीवर, कैदेत वारला असण्याची शक्यता तपासावी लागते. एका तारखेवरून शोधाची दिशाच बदलते, म्हणून मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते.

यापुढचे काम दप्तरखान्याचे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील लष्करी खात्याच्या फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात आणि स्कॅन झालेल्या फायली घरबसल्या वाचता येतात. मेसोपोटेमियातील युद्धरोजनिशा लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. मुंबई इलाख्यातील कागदपत्रांसाठी मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाकडे अर्ज करावा. कोणत्याही कागदाची प्रत घेताना खाते, वर्ष आणि फाइल क्रमांक त्याच पानावर लिहून ठेवावा. त्यावाचून ती प्रत पुन्हा पडताळता येत नाही.

वृत्तपत्रे मात्र दप्तरानंतर वाचावीत. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांची चौकशी करता येईल. परंतु वृत्तपत्रांवर निर्बंध घालणाऱ्या १९१० च्या प्रेस ॲक्टचा धाक असताना छापलेल्या बातमीत पराभवाचे वर्णन सौम्य असणार, हे गृहीत धरून तिची रोजनिशीतील त्याच दिवसाशी तुलना करावी. दुसऱ्या महायुद्धातील ‘इंडियन न्यूज परेड’ची चित्रफीतही सरकारी प्रचारासाठी होती, तिच्यातले गणवेश, वाहने आणि चेहरे विश्वासाने पाहावेत, निवेदन सावधपणे ऐकावे.

दुसऱ्या महायुद्धातील किंवा नंतरच्या सैनिकाची सेवानोंद हवी असेल, तर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. अर्जात सेवा क्रमांक, पूर्ण नाव, गाव, तालुका, भरतीचे अंदाजे वर्ष आणि आपले नाते द्यावे. मसुदा कसा करावा, हे नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घेतलेले बरे.