पुस्तक की पटकथा? आधी कथा छापून आणा

लिहू लागलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "पुस्तक काढू की मालिकेत शिरू?" मी दोन्हीकडे राबलोय, त्यामुळे उत्तर तयार आहे. पोटासाठी मालिका करा, पण जी गोष्ट अगदी आतली आहे ती निर्मात्याला ऐकवायच्या आधी कथा म्हणून छापून आणा.

हिशेब आधी, कारण घरचे तोच विचारतात. नव्या लेखकाला रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या १० टक्के. ३०० रुपयांचं पुस्तक म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती संपली तर १५ हजार, आणि ती संपायला दोन वर्षं लागली तरी प्रकाशक खूश असतो. (लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढणारेही आहेत. तिकडे फिरकू नका.) मालिकेत एपिसोडमागे मानधन मिळतं आणि दैनंदिन मालिकेची भूक मोठी, त्यामुळे चालू मालिकेत कामाला तोटा नाही. पण पैसे बहुतेकदा प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी येतात, टीडीएस कापून. मालिका अचानक गुंडाळली तर शेवटचं बिल आणखी रेंगाळतं. काही महिन्यांची बेगमी असल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. पडद्यासाठी कथा, पटकथा आणि संवाद ही तीन स्वतंत्र कामं आहेत. १९८३च्या 'अर्धसत्य'चंच बघा: मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. मालिकेत नवख्याचा शिरकाव बहुतेक संवादातून होतो. पटकथाकाराची वनलाइन, म्हणजे भागात काय घडणार याचा थोडक्यात आराखडा, चॅनेलकडून मंजूर झाली की त्याचे सीन पाडले जातात आणि ते संवादांसाठी तुमच्याकडे येतात. रात्री पाठवलेला सीन सकाळी घोडबंदरच्या सेटवर उभा.

तो उभा राहतो कसा, ते सांगतो. मुलगी घर सोडून जातेय आणि वडिलांना तसं सांगतेय, असा सीन मी दिला होता. दुपारी सेटवरून फोन: "वडील झालेले नट नाटकाच्या दौऱ्यावर निघालेत, गाडीची वेळ झालीये. त्यांना काढा, बाकी सीन तोच ठेवा." बापाशिवाय तोच सीन! मग बापाला आतल्या खोलीत घातलं, कडी लावली आणि मुलीला बंद दाराशी बोलायला लावलं. बापाची सगळी वाक्यं गेली. मधे एकदा आतून कडीचा आवाज येतो आणि दार काही उघडत नाही, एवढंच ठेवलं. सीन मूळच्यापेक्षा सरस झाला. श्रेय अर्थातच दिग्दर्शकाला मिळालं.

असा फोन आल्यावर तुमचं डोकं चटकन चालू लागत असेल, तर पडद्याचं काम तुम्हाला मानवेल. 'माझ्या वाक्याला हात लावला' म्हणून रात्रभर चरफडणार असाल, तर पुस्तकाकडे वळा. तिथे संपादक बदल सुचवतो, पण शेवटचा शब्द तुमचा राहतो. आपल्याला लिहिता किती छान येतं याच्याशी या निवडीचा फारसा संबंध नाही. उत्तम कथाकार मालिकेत महिनाभरही टिकत नाहीत आणि पट्टीच्या संवादलेखकांना दहा पानं सलग गद्य लिहिताना घाम फुटतो, हे मी पाहिलंय.

मग छापायचं कशासाठी? कारण कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या मजकुराला देतो. बैठकीत चहा पिताना ऐकवलेली गोष्ट हवेत जाते. सहा महिन्यांनी तशीच गोष्ट दुसऱ्या नावानं दिसली, तर दाखवायला तुमच्याकडे काही नसतं. तीच गोष्ट दिवाळी अंकात आली असेल तर तुमचं नाव, मजकूर आणि साल, तिन्ही कागदावर असतात. १९०९च्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंकांची परंपरा आपल्याकडे चालत आलीय. मानधन जेमतेम असलं तरी नव्या कथाकाराला एवढी दारं दुसरीकडे नाहीत. मे-जूनमध्येच कथा पाठवा. गणपतीनंतर पाठवलेलं कुणी वाचत नाही. पटकथाच लिहिली असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेचे सदस्य व्हा आणि ती ऑनलाइन नोंदवून घ्या. ऐकवायला जाण्याआधी, नंतर नव्हे. बैठकीहून परतल्यावर निर्मात्याला 'आज ही गोष्ट ऐकवली' असा साधा ईमेलही करून ठेवा.

सही करताना १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं १९वं कलम वाचून जा. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. घेतलेला हक्क १ वर्षात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. आणि निर्मात्याचा वकील ते हमखास लिहितो. २०१२च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिलाय. 'एकरकमी, सर्व काही मिळाले' असं वाक्य दिसलं तर याची त्यांना आठवण करून द्या.

पुस्तकाच्या करारातही नीट बघा. तिथे 'सर्व माध्यमांतील हक्क' असं एक कलम सापडतं, आणि पहिलं पुस्तक निघतंय या आनंदात माणसं त्यावर सही करतात. ते खोडून 'फक्त छापील मराठी आवृत्ती' असं लिहा. प्रकाशक जरा कुरकुर करेल, पण बहुतेक वेळा ऐकतो.