गिटारची मान आधी कोरडी बसली पाहिजे

माझे वडील हातमागाचे सुतार. सोलापूरच्या साखर पेठेतल्या विणकरांचे माग जुळवताना ते म्हणायचे, "फट सरसाने भरली म्हणजे सांधा झाला नाही." गिटारची मान आधी कोरडी, म्हणजे सरसाशिवाय, बसवताना मला हे वाक्य रोज आठवतं.

मी डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा सरसाने चिकटवलेला सांधा, करत नाही. मानेला कुसू (पुढे आलेली लाकडी जीभ), बॉडीच्या पुढच्या ठोकळ्यात खाच, आतून ६ मिमीचे दोन अ‍ॅलन बोल्ट. पुढे मान काढायची वेळ आली तर वाफ द्यावी लागत नाही. कुसवाच्या टोकाच्या आडव्या छेदात पितळी इन्सर्ट (बोल्टसाठी आतून आटे असलेली नळी) नीट धरत नाही, तिथले तंतू तुटून भुगा होतो. म्हणून टाचेच्या (मान बॉडीला टेकते तो जाड भाग) तळातून १२ मिमीची शिसवी खुंटी वरपर्यंत घालतो आणि इन्सर्ट तिच्यात फिरवतो.

खरं कौशल्य टाचेच्या दोन गालांवर, म्हणजे कुसवाच्या दोन्ही बाजूंना बॉडीला टेकणाऱ्या भागांवर, लागतं. कडेची ३ मिमी पट्टी तशीच ठेवून आतलं लाकूड पटाशीने थोडं खोल करा, म्हणजे बॉडीला फक्त कडाच टेकतील. बॉडीवर खडू चोळून मान दाबा. टाचेवर जिथे खडू उमटेल तिथे लाकूड जास्त आहे, तेवढंच काढा.

आता कोन. मानेवरच्या फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) लांब स्टीलची पट्टी ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या तुकड्याच्या) माथ्याला जेमतेम स्पर्श करत गेलं पाहिजे. पट्टी माथ्याच्या खाली अडकत असेल तर टाचेच्या तळाचं लाकूड घ्यायचं. माझ्या गिटारचं माप, म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत तारेची लांबी, ६४५ मिमी; मान बॉडीला १४ व्या फ्रेटला जुळते. सांध्यापासून सॅडल २८७ मिमी लांब आणि टाच ८५ मिमी उंच. म्हणून तळाशी जेमतेम ०.३ मिमी घेतलं की ब्रिजपाशी पट्टी १ मिमी उचलली जाते. यासाठी १५० नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी टाच आणि बॉडीमध्ये घाला, खरखरीत बाजू टाचेकडे. मान घट्ट दाबून पेपर तळाकडे ओढा. दोन्ही गालांवर सारख्याच ओढी मोजून घ्या आणि दर तीन ओढींनंतर पुन्हा स्टीलची पट्टी लावून बघा. घाई केली तर घेतलेलं लाकूड परत येत नाही.

मग मध्यरेषा. नटच्या मधोमध काळा सुती दोरा लावून तो बॉडीच्या मागच्या टोकापर्यंत ताणा. दोरा वरच्या फळीच्या जोडावरून गेला पाहिजे. मान ज्या बाजूला वळवायची, त्याच बाजूचा गाल घासायचा.

आमच्याकडे हवेचं मात्र सांभाळा. मी एक गिटार ऐन मे महिन्यात, पारा ४२ वर असताना, उघड्या पडवीत बसवली. तेव्हा १२ व्या फ्रेटला तारांची उंची २.५ मिमी होती. जुलैत पाऊस लागल्यावर वरची फळी फुगली आणि तारांची उंची ३.५ मिमीवर गेली. मला फार वाईट वाटलं, कारण ती गिटार एका पोराच्या हातात गेली होती. मान काढून टाच पुन्हा घासून दिली. आता बंद खोलीत आर्द्रतामापक ४५ ते ५० टक्क्यांवर आल्याशिवाय मी पट्टी हातात घेत नाही, आणि लाकूडही आठवडाभर आधी त्याच खोलीत आणून ठेवतो.