रशियन भाषेची दुसरी पायरी मराठीच्या आधाराने कशी चढावी

प्रमाणपत्र अभ्यासक्रम संपवून पदविकेच्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला रशियन लिपी वाचता येते, स्वतःची ओळख करून देता येते आणि घर, कुटुंब, दिनक्रम यांविषयी चार वाक्ये बोलता येतात. तरीही अनेकांचा धीर नेमका याच वर्षी सुटतो. रशियन भाषेच्या अधिकृत परीक्षेत ए-२ (पायाभूत) पातळीसाठी सुमारे १३०० आणि बी-१ (त्यापुढच्या) पातळीसाठी सुमारे २३०० शब्द अपेक्षित असतात, म्हणजे या टप्प्यावर शब्दसंग्रह जवळपास दुप्पट करायचा असतो. शब्द पाठांतराने वाढतात. खरी अडचण येते ती विभक्तींची, क्रियापदांच्या जोड्यांची आणि गतिवाचक, म्हणजे जाण्या-येण्याच्या, क्रियापदांची.

विदर्भातल्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते, आणि हाती पडणारे रशियनचे पुस्तक मात्र व्याकरण इंग्रजीतून समजावते. त्यामुळे एका अर्धवट अवगत भाषेतून दुसरी अनोळखी भाषा शिकण्याचा दुहेरी भार पडतो. माझे स्पष्ट मत असे आहे की व्याकरण समजून घेताना इंग्रजी बाजूला ठेवावी आणि मराठीतून थेट रशियनकडे जावे, कारण ज्या गोष्टींसाठी इंग्रजी पुस्तकाला पानेच्या पाने खर्च करावी लागतात, त्यांतल्या कित्येक गोष्टी मराठी माणूस लहानपणापासून बोलत आलेला असतो. (पुढे रशियन शब्दांचे उच्चार देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत, वहीत मात्र प्रत्येक शब्द रशियन लिपीतच, आघाताची, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या स्वराची, खूण करून लिहावा, कारण आघात चुकला की स्वरही बदलतो.)

उच्चारांत मराठी भाषकाला एक फायदा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतले दोन वेगळे ‘च’ रशियनमध्ये दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. मृदू व्यंजनांचा, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून उच्चारायच्या व्यंजनांचा, सराव मात्र कानाने ऐकूनच करावा लागतो.

विभक्तींपासून सुरुवात करावी. रशियनमध्ये सहा विभक्ती आणि तीन लिंगे आहेत. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही विभागणी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. आपण ‘मी घर पाहतो’ म्हणतो, पण ‘मी भावाला पाहतो’ असे म्हणतो. सजीव कर्माला प्रत्यय लागतो, निर्जीवाला लागत नाही. रशियनमधील पुल्लिंगी नामांचे तसेच आहे: ‘वीझू दोम’, परंतु ‘वीझू ब्राता’. ‘मला गाडी आवडली’ या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालते. ‘म्न्ये पन्रावीलस माशीना’ या रशियन वाक्याची रचना हुबेहूब तीच आहे. ‘मला थंडी वाजते’ या अर्थाचे ‘म्न्ये खोलदना’ हेही त्याच वळणाचे.

विभक्ती पाठ करण्यासाठी परक्या शहरांची नावे घेण्यापेक्षा आपलीच गावे घ्यावीत. नागपूर आणि यवतमाळ व्यंजनान्त असल्यामुळे पुल्लिंगी नामांप्रमाणे चालतात: नागपूरला ‘व नागपूर’, नागपुरात ‘व नागपूरे’, नागपूरहून ‘इझ नागपूरा’. वर्धा आणि अकोला आकारान्त असल्यामुळे स्त्रीलिंगी नामांप्रमाणे बदलतात: ‘व वर्धू’, ‘व वर्धे’. अमरावतीचे रूप मात्र बदलत नाही. संख्यांसाठी कापसाची किंवा सोयाबीनची पोती मोजावीत. पोत्याला ‘मिशोक’ म्हणतात. दोन, तीन, चार या संख्यांपुढे ‘मिश्का’, पाचपासून वीसपर्यंत ‘मिश्कोफ’, आणि एकवीसला पुन्हा एकवचनी ‘मिशोक’. आठवडी बाजारातला हिशेब मनातल्या मनात रशियनमध्ये केला तर ही रूपे तोंडात बसतात.

आता क्रियापदांच्या जोड्या, म्हणजे एकाच क्रियेचे अपूर्ण रूप आणि पूर्ण रूप, ज्यांवर या वर्षाचा सर्वाधिक वेळ द्यावा. ‘मी वाचत होतो’ किंवा ‘मी वाचायचो’ असे म्हणायचे असेल तर अपूर्ण रूप ‘चिताल’, आणि ‘मी वाचून काढले’ असे म्हणायचे असेल तर पूर्ण रूप ‘प्रचिताल’. मराठीतली ‘लिहून काढणे’, ‘खाऊन टाकणे’, ‘करून ठेवणे’ अशी संयुक्त क्रियापदे पूर्णत्वाची हीच भावना व्यक्त करतात, म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनाशी मराठीत म्हणून पाहावे. पण ही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही. ‘तू हे पुस्तक वाचले आहेस का?’ असे केवळ विचारताना रशियन माणूस अपूर्ण रूपच वापरतो. ‘सुरू करणे’ किंवा ‘चालू ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदानंतरही नेहमी अपूर्ण रूपच येते. पूर्ण रूपाला वर्तमानकाळ नसतो. ‘प्रचितायू’ म्हणजे ‘मी वाचून काढीन’.

मराठी येथे एका ठिकाणी फसवते, आणि ते आवर्जून लक्षात ठेवावे. ‘मुलाने पोथी वाचली’ या वाक्यात आपले क्रियापद कर्माप्रमाणे चालते. रशियन भूतकाळ नेहमी कर्त्याप्रमाणेच चालतो, त्यामुळे मुलगा कोणतीही वस्तू वाचो, रूप ‘चिताल’. मुलगी वाचो, रूप ‘चिताला’. वऱ्हाडात मुली ‘मी गेली’, ‘मी आली’ असे बोलतात. रशियन मुलगीही स्वतःविषयी बोलताना असेच स्त्रीलिंगी रूप वापरते, म्हणून घरच्या बोलीचा संकोच न बाळगता तिचा आधार घ्यावा.

गतिवाचक क्रियापदांसाठी रोजचा एसटीचा प्रवास पुरेसा आहे. वाटेत असताना, एकाच दिशेने, ‘मी वर्ध्याला जात होते’ यासाठी ‘येखला’. ‘मी वर्ध्याला जाऊन आले’ यासाठी ‘येझ्दिला’. पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांना रशियनमध्ये वेगळी क्रियापदे आहेत, आणि हा भेद मराठी क्रियापदात नसल्यामुळे तो जाणीवपूर्वक सांभाळावा लागतो. उपसर्गांकडे ही सहा मूळ क्रियापदरूपे पक्की झाल्यावरच वळावे: पायी जाण्याची दोन, वाहनाने जाण्याची दोन आणि विमानाने जाण्याची दोन.

गावात नेटवर्क बेभरवशाचे असते, म्हणून विद्यापीठात असतानाच आठवड्याचे ध्वनिपाठ मोबाइलवर उतरवून घ्यावेत आणि परतीच्या प्रवासात तोच एक पाठ, शब्द वेगळे ऐकू येईपर्यंत ऐकावा. रात्री त्याच पाठातील पाच-सहा वाक्ये हाताने, अक्षरे एकमेकांना जोडून लिहिण्याच्या रशियन वळणात लिहावीत, आणि त्यांत आपले गाव, आपले शेत, आपली माणसे घालावीत. दुसऱ्या दिवशी ती वाक्ये शिक्षकांना दाखवताना केवळ चूक दुरुस्त करून घेऊ नये. पूर्ण रूप की अपूर्ण रूप, आणि ते का, हेही प्रत्येक क्रियापदापाशी विचारावे.