गोल्फच्या हिरवळीची थंडीआधीची तयारी: पुणे-नाशिक पट्ट्यासाठी

हा सल्ला ग्रीनवर, म्हणजे भोवती अगदी बारीक कापलेल्या गवताच्या खळगीच्या पट्ट्यावर, टिफड्वार्फसारखी (ही हरळीची एक जात) संकरित हरळी असलेल्या मैदानांसाठी आहे. हरळी उष्ण हवेतले गवत. मातीचे तापमान साधारण १८ अंशांखाली उतरले की तिची वाढ मंदावते, १० अंशांच्या आसपास ती झोपीच जाते. म्हणून पाऊस उघडल्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवसच कामाचे. ऑक्टोबरच्या उकाड्याने माणसे हैराण होतात, हरळी मात्र तेव्हा जोरात असते. मातीत हवा खेळावी म्हणून भोके पाडणे, उभी कापणी (उभ्या पात्यांनी गवत विरळ करणे), जे काही ओरबाडायचे ते याच काळात उरका. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पाडलेली भोके फेब्रुवारीपर्यंत उघडी दिसतात.

भोकांसाठी १२ मिमी व्यासाचे पोकळ दाते, खोली ८ सेंमी, अंतर दोन्ही बाजूंनी ५ सेंमी. माती मुठीत दाबल्यावर पाणी सुटत असेल तर यंत्र लावू नका. ओल्या मातीत भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे आत शिरत नाहीत. दात्यांतून निघालेल्या मातीच्या गुल्ल्या उचला, मग वाळू पसरा. या मापाची भोके भरायला दर चौरस मीटरला साधारण साडेतीन लिटर वाळू लागते. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला भोकांपुरती पावणेदोन घनमीटर, आणि वर १ मिमी थर द्यायचा तर आणखी अर्धा घनमीटर. सगळीकडे घोळ होतो तो इथेच: वाळू कमी मागवली जाते, भोके अर्धी भरतात आणि पृष्ठभाग खचतो. वाळू कोरडी हवी, नाहीतर ब्रशने आत उतरत नाही.

वाळूचे बहुतांश कण पाव ते एक मिमीचे असावेत. स्वस्त पडते म्हणून खडीच्या क्रशरवरची न धुतलेली वाळू घेऊ नका. तिच्यातली पूड निचरा बंद करते. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा. तासाभराने वर गाळाचा जाड थर दिसला तर गाडी परत पाठवा.

खताबाबत हात आखडता ठेवा, पण पूर्ण बंद करू नका. ऑक्टोबरमध्ये ५०० चौरस मीटरला ५ किलो सल्फेट ऑफ पोटॅश, दोन हप्त्यांत. तेवढेच अमोनियम सल्फेट, म्हणजे नत्राचे खत, तेही विभागून आणि लगेच पाणी देऊन. डिसेंबरमध्ये रंग उतरला म्हणून नत्र ओतले तर कोवळी पाती फुटतात आणि करपा आयता येतो. रंगासाठी अर्धा किलो फेरस सल्फेट पाण्यात विरघळवून फवारा. काँक्रीटच्या वाटेवर थेंब पडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. उलट नत्र अगदीच तोडले तर नाण्याएवढे पिवळट ठिपके, म्हणजे डॉलर स्पॉट, दिसू लागतात. त्याला दवही तितकेच कारणीभूत. सकाळी कापणीआधी लवचिक काठी किंवा दोर फिरवून दव झाडा, आणि संध्याकाळचे पाणी बंद करून पहाटे द्या.

हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, उसातच लागते असे नाही. गवत गालिच्यासारखे उचलून येत असेल तर फूटभर चौरसाच्या तीन बाजू कापून उलटून पाहा. पाच-सहापेक्षा जास्त अळ्या दिसल्या तर उपाय करा. मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) द्यायचे असेल तर ओलाव्यात, संध्याकाळी.

कापणी यंत्राच्या पात्याची उंची ऑक्टोबरअखेरपासून हळूहळू वाढवा: ग्रीनवर साडेतीनवरून साडेचार-पाच मिमी. चेंडू जरा हळू धावेल, खेळाडू कुरकुरतील, कुरकुरू द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे जूनमध्ये उन्हात असलेली ग्रीन डिसेंबरमध्ये दुपारपर्यंत सावलीत राहते. दक्षिणेकडच्या झाडांच्या फांद्या आधीच विरळ करा. शहर हद्दीत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज पावसाळ्यातच द्या.

हिवाळ्यात हिरवे राहणारे राय गवत हरळीवर वरून पेरायच्या फंदात पुण्याकडे पडू नये. थंडी तेवढी लांबत नाही आणि मार्चमध्ये तेच गवत हरळीला दाबून धरते. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांखाली गेला आणि दव गोठले, तर ऊन येऊन ते वितळेपर्यंत खेळ थांबवा. गोठलेली पाती पायाखाली चिरडतात, आणि दुसऱ्या दिवशी पावलांचे तपकिरी ठसे उमटतात.