ड्राफ्टआधी लॅक्रोस गोलरक्षकांची क्रमवारी: तयारीची यादी

गोलरक्षकांची क्रमवारी लावायला बसण्यापूर्वी जागा मोजाव्यात, नावे नंतर घ्यावीत. लॅक्रोस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ; अमेरिकेतल्या त्याच्या व्यावसायिक प्रीमियर लॅक्रोस लीगमध्ये आठ संघ आहेत. मैदानावर एका संघाचे दहा खेळाडू उतरतात आणि त्यांत गोलरक्षक एकच असतो. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंसाठी चार फेऱ्यांचा, म्हणजे एकूण 32 निवडींचा ड्राफ्ट होतो. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही; संघ पाळीपाळीने नाव घेतो आणि फुकट गेलेली पाळी परत येत नाही. मधल्या फळीतल्या नवख्या खेळाडूला आलटून पालटून का होईना, मैदानावर उतरता येते; दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक मात्र अख्खा मोसम बाकावर काढू शकतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर बोस्टन कॅनन्स, कॅलिफोर्निया रेडवूड्स, कॅरोलायना केऑस, डेन्व्हर आउटलॉज, मेरीलँड व्हिपस्नेक्स, न्यूयॉर्क ॲटलस, फिलाडेल्फिया वॉटरडॉग्ज आणि युटा आर्चर्स ही आठ नावे लिहावीत. प्रत्येकापुढे सध्याचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक, त्याचे वय, गेल्या मोसमात त्याला सामन्याच्या मध्येच किती वेळा बाहेर घेतले आणि त्याच्यामागे कोण उभा आहे, हे नोंदवावे. हे पान तयार झाले की खरोखर रिकाम्या, किंवा दोन वर्षांत रिकाम्या होतील अशा जागा किती थोड्या आहेत ते डोळ्यांसमोर येते, आणि पुढच्या सगळ्या कामाला शिस्त लागते.

त्यानंतर दोन्ही पातळ्यांवरच्या नियमांतला फरक एका पानावर मांडून घ्यावा, कारण आपण पाहणार आहोत तो खेळ कॉलेजचा आहे आणि अंदाज मात्र व्यावसायिक खेळाचा करायचा आहे. गोल दोन्हीकडे सहा फूट रुंद आणि सहा फूट उंचच असतो, चेंडूही तोच, साधारण 145 ग्रॅमचा भरीव रबरी. पण व्यावसायिक मैदान कॉलेजच्या मैदानापेक्षा दहा यार्डांनी आखूड आहे. कॉलेजमध्ये चेंडू ताब्यात आल्यावर शॉट घ्यायला 80 सेकंद मिळतात, इथे 52 मिळतात, आणि फेसऑफ, म्हणजे मैदानाच्या मध्यावर दोन खेळाडूंत चेंडूसाठी होणारी झटापट, जिंकून चेंडू मिळाला असेल तर त्याहूनही कमी. शिवाय ठरावीक कमानीबाहेरून केलेल्या गोलला इथे दोन गुण आहेत, जी सोय कॉलेजच्या खेळात नाही. याचा अर्थ असा, की बचावफळी सावरण्याआधी येणारे शॉट इथे जास्त, आणि लांबून जोर काढून मारलेले शॉटही जास्त. ज्या गोलरक्षकाने चार वर्षे संथ खेळणाऱ्या संघात, समोर पूर्ण रचलेली बचावफळी पाहतच खेळ केला, त्याच्या नावापुढे इथेच एक प्रश्नचिन्ह करून ठेवावे. ते पुढे खोडता येईल, पण आता केले नाही तर आठवणार नाही.

आता आकडे. गोलरक्षकाची सर्वांत जास्त उद्धृत होणारी संख्या म्हणजे सेव्हची, अर्थात अडवलेल्या शॉटची, टक्केवारी: 12 सेव्ह आणि 10 गोल असतील तर 22 पैकी 12, म्हणजे सुमारे 54.5 टक्के. मैदानी लॅक्रोसमध्ये 50 टक्क्यांच्या वर राहणारा गोलरक्षक चांगला आणि 55 च्या आसपास टिकून राहणारा फार चांगला मानला जातो. इथवर ठीक आहे. परंतु कॉलेजच्या एका मोसमात गोलरक्षकाच्या वाट्याला साधारण 300 शॉट आले असे धरले, आणि त्याची खरी क्षमता नेमकी 50 टक्के मानली, तर निव्वळ योगायोगाने तो मोसमाअखेर 47 किंवा 53 टक्क्यांवर दिसू शकतो. तीन मोसमांपैकी एका मोसमात तर तो या मर्यादेच्याही बाहेर जाईल. म्हणजे 53 वाला आणि 50 वाला यांच्यातला जो फरक पाहून आपण एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवतो, तो फरक मुळात असेलच याची खात्री नाही. एका मोसमाच्या टक्केवारीवर क्रम लावू नये. किमान तीन मोसमांचे शॉट आणि सेव्ह एकत्र बेरीज करून घ्यावेत. वर्षावर्षाच्या टक्केवारींची सरासरी काढू नये, कारण कमी शॉट आलेले वर्ष मग नको तितके वजन खाते.

याच तक्त्यात पुढचे रकाने आताच आखून ठेवावेत. एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना आलेले शॉट वेगळे, कारण त्या वेळी गोल होणे हा बहुतेकदा गोलरक्षकाचा दोष नसतो. गोलरक्षक पुढे गेलेला असताना रिकाम्या जाळीत गेलेले गोल वेगळे. गोलच्या अगदी तोंडाशी मिळालेल्या पासवर झालेले शॉट वेगळे, आणि सुमारे दहा मीटरच्या पलीकडून, समोर चेंडू स्वच्छ दिसत असताना आलेले शॉट वेगळे. हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे. गोलरक्षकाचे म्हणून जे काही असते ते इथे दिसते. उरलेल्या रकान्यांत त्याच्या बचावफळीचा वाटा मोठा असतो. काही वर्षांपूर्वी मी ज्याला निःशंकपणे पहिल्या क्रमांकावर ठेवले होते त्याची टक्केवारी डोळे दिपवणारी होती. नंतर शॉट एकेक करून मोजल्यावर कळले, की त्याच्या समोरच्या तीन बचावपटूंनी विरोधकांना बाजूच्या अरुंद कोनातून मारण्यावाचून पर्यायच ठेवला नव्हता. त्या मुलाची त्यात काही चूक नव्हती, वाचायला मी चुकलो होतो. तेव्हापासून कोन आणि अंतर नोंदवल्याशिवाय मी टक्केवारीकडे पाहत नाही, आणि वाचकांनीही पाहू नये असे मनापासून वाटते.

आकड्यांचा तक्ता झाला की चित्रफिती, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. निवडक क्षणांच्या फिती पाहू नयेत. त्यांत सेव्हच असतात. प्रत्येक गोलरक्षकाचे किमान चार पूर्ण सामने घ्यावेत: एक तगड्या संघाविरुद्धचा, एक पराभवाचा, एक पावसातला किंवा ओल्या मैदानावरचा, आणि एक असा ज्यात त्याने पहिल्या पंधरा मिनिटांत चार-पाच गोल खाल्ले आहेत. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवावा, कारण समालोचकाच्या सुरावरून आपले मत नकळत बनते. दुसऱ्या वेळी आवाज लावून गोलरक्षकाचा स्वतःचा आवाज शोधावा. चेंडू कुठे आहे, मागून कोण घुसतो आहे, मदतीला कोणी सरकायचे, हे तो सतत सांगत असतो. जो गोल खाल्ल्यानंतर गप्प होतो त्याची नोंद ठळकपणे करावी.

एक शॉट कसा पाहावा ते सांगतो. उजव्या हाताचा मिडफिल्डर आडवा धावत येऊन सुमारे 11 मीटरवरून मारतो, चेंडूचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास आहे. या अंतराला त्या चेंडूला पाव सेकंद लागतो; सेकंदाला 30 चौकटींच्या चित्रफितीत सगळा प्रसंग सात-आठ चौकटींत संपतो. चेंडू स्टिकच्या जाळीतून सुटतो तिथे फीत थांबवावी. गोलरक्षकाचे दोन्ही पाय त्या क्षणी जमिनीवर टेकलेले आहेत का, की तो अजून एका पायावरून दुसऱ्यावर सरकतोच आहे? हात छातीपुढे मोकळे आहेत, की कोपरे बरगड्यांना चिकटली आहेत? स्टिकचे डोके कानाच्या उंचीवर आहे का? मग एकेक चौकट पुढे सरकवावी आणि शरीराचा कोणता भाग आधी हलतो ते लिहावे. वरचा हात आणि चेंडूच्या बाजूचा पाय बरोबरीने निघाले तर तो चेंडू पाहून खेळतो आहे. चेंडू सुटण्याआधीच गुडघे वाकून अंग खाली गेले, तर तो अंदाजावर खेळतो आहे, आणि कॉलेजमध्ये बरोबर ठरणारे हे अंदाज व्यावसायिक खेळाडू स्टिक खाली नेऊन वर मारतात तेव्हा उघडे पडतात. क्रिकेटच्या वाचकाला यष्टिरक्षक आठवेल: चेंडूच्या उसळीबरोबर वर येणारा आणि आधीच उठून उभा राहणारा, यांतला फरक एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. असे 40 शॉट प्रत्येकी पाहिल्याशिवाय त्या गोलरक्षकाबद्दल मत लिहू नये. त्यांत स्टिक ज्या बाजूला धरली आहे तिच्या विरुद्ध कमरेपाशी आलेले शॉट आणि जमिनीवर टप्पा घेऊन आलेले शॉट यांवर खूण करावी, कारण स्टिक फिरवून तिथे पोहोचायला सर्वांत जास्त अंतर कापावे लागते आणि चांगले नेमबाज तिथेच मारतात. सेव्हनंतर चेंडू स्टिकच्या जाळीत बसतो की पुढ्यात पडतो, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

सेव्ह झाल्यावरचे काम पुष्कळ जण तपासतच नाहीत. चेंडू ताब्यात आल्यावर क्रीजमध्ये, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळात, गोलरक्षकाला चारच सेकंद असतात, आणि तेवढ्यात त्याला मोकळा साथीदार शोधून पास द्यायचा असतो किंवा स्वतः बाहेर पडायचे असते. आखूड मैदानावर चांगला पहिला पास म्हणजे समोर अर्धवट रचलेली बचावफळी. केऑसचा ब्लेझ रिऑर्डन 2021 मध्ये संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने अंतिम सामन्यात व्हिपस्नेक्सला 14-9 असे हरवले. तो बॉक्स लॅक्रोसमध्ये चक्क आक्रमक म्हणून खेळलेला आहे, आणि त्याचा चेंडूवरचा हात मैदानावर दिसतो. प्रत्येक नवख्याकडून हे अपेक्षू नये, परंतु दडपण टाकले असता त्याचे किती पास साथीदारापर्यंत पोहोचले, हा रकाना कोरा ठेवून चालणार नाही.

कॅनडातून येणाऱ्या नावांसाठी वेगळे पान करावे. बॉक्स लॅक्रोस हा बंदिस्त रिंकमध्ये खेळला जाणारा प्रकार. त्यात गोल चार फूट उंच आणि चार फूट नऊ इंच रुंद असतो, गोलरक्षक जाड कवचात असतो आणि टक्केवारी 75 ते 80 च्या घरात जाते. ही टक्केवारी मैदानी टक्केवारीशेजारी मांडणे म्हणजे निव्वळ गोंधळ. मात्र बॉक्समधून आला म्हणून एखाद्याला खाली ढकलणेही चूक आहे. डिलन वॉर्ड कोलोरॅडो मॅमथसाठी बॉक्समध्ये आणि वॉटरडॉग्जसाठी मैदानावर गोल राखत आला, आणि 2022 मध्ये हे दोन्ही संघ आपापल्या लीगचे विजेते झाले. आर्चर्सचा ब्रेट डॉब्सनही दोन्ही प्रकार खेळतो. अशा खेळाडूंच्या बाबतीत मैदानी खेळाचे शॉट किती मिळाले तेवढेच पाहावे, आणि दोन्ही लीगांच्या तारखांमुळे संघाच्या मोसमाआधीच्या सराव शिबिराला तो कधी पोहोचेल ते विचारून घ्यावे.

वय, दुखापती, विशेषतः अंगठ्याच्या, आणि डावखुरेपणा या नोंदी एका ओळीत आटोपाव्यात. उंचीला फार महत्त्व देऊ नये.

मे महिन्याच्या अखेरीस होणाऱ्या कॉलेज अजिंक्यपद स्पर्धेबद्दल मात्र आधीच स्वतःशी एक नियम करून ठेवावा. 2023 च्या अंतिम सामन्यात नॉटर डेमच्या लिअम एन्टेनमनने ड्यूकविरुद्ध 18 सेव्ह केले, संघ 13-9 ने जिंकला आणि तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा सामना पाहिल्यावर क्रमवारी बदलण्याची अनावर इच्छा होते. एन्टेनमनच्या बाबतीत ती इच्छा योग्यच होती, कारण त्याआधीच्या मोसमांतही तो तसाच खेळत होता. सामन्याने नवे काही सांगितले नव्हते, असलेलेच ठसवले होते. म्हणून नियम असा, की एका सामन्यामुळे नाव एका गटातून दुसऱ्या गटात हलवायचे नाही. हलवायचे झाले तर जुन्या फितींत त्याचा पुरावा दाखवता आला पाहिजे.

गट म्हणतो ते यासाठी, की एक ते बारा अशी सरळ क्रमवारी शेवटीच लावावी. आधी तीन गट करावेत: पहिल्याच वर्षी गोल सांभाळू शकेल असा, दोन वर्षे कोणाच्या तरी मागे उभा राहून तयार होईल असा, आणि शिबिरात बोलावून पाहण्याजोगा. गटांतर्गत क्रम लावताना पहिल्या पानावरच्या आठ संघांकडे परत जावे, कारण एकच गोलरक्षक एका संघासाठी दुसऱ्या फेरीच्या मोलाचा आणि दुसऱ्यासाठी मोफतही नको असा असू शकतो. प्रत्येक नावाखाली दोन वाक्ये लिहावीत, एक बाजूने आणि एक विरुद्ध. विरुद्धचे वाक्य सुचत नसेल तर त्या खेळाडूचे सामने पुरेसे पाहिलेले नाहीत असे समजावे. लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार ओरेन लायन्स यांच्या नावाने दिला जातो. ते ओनोन्डागा राष्ट्राचे वडीलधारे, आणि 1957 च्या सिराक्यूजच्या अपराजित संघाचे गोलरक्षक. हा खेळ मुळात ज्यांचा, त्यांच्यातल्या एका गोलरक्षकाचे नाव या जागेला लाभले आहे, म्हणून या दोन वाक्यांत उथळपणा असू नये असे मला वाटते.

ज्यांना ऑलिम्पिकचा विचार यादीत आणायचा आहे, त्यांनी तो वेगळ्या रकान्यात आणावा. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस 2028 साठी क्रिकेटसोबतच लॅक्रोसलाही मान्यता मिळाली. पण तिथे खेळला जाईल तो सिक्सेस, सहा जणांचा, लहान मैदानावरचा आणि 30 सेकंदांच्या शॉट क्लॉकचा. तिथे गोलरक्षकाचा पहिला पास आणखी मोलाचा ठरेल, एवढेच आजच्या यादीपुरते पुरे.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी यादी बंद करून तारीख घालावी आणि प्रत्यक्ष निवडी चालू असताना तिच्यात खाडाखोड करू नये. टेबलावर आठ संघांचे पान, तीन गटांचे पान आणि एक पेन्सिल एवढेच असावे. नाव पुकारले गेले की त्याच्यापुढे फेरी आणि संघ लिहावा. चौथी फेरी संपल्यावर वही मिटू नये, कारण निवडले न गेलेले गोलरक्षकही संघ शिबिरासाठी करारबद्ध करतात. तिसऱ्या गटातली उरलेली नावे एका कागदावर उतरवून घ्यावीत, प्रत्येकापुढे कोणत्या संघाला दुसरा गोलरक्षक नाही ते लिहावे, आणि शिबिरांच्या याद्या जाहीर होतील त्या दिवशी तो कागद पुन्हा काढावा.